इंग्रज जमीनदाराच्या वाड्यात नागपूरकराचा जीव का गुंततो?

एप्रिल १९१२. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या एका भल्यामोठ्या वाड्यात बातमी येऊन धडकते. टायटॅनिक बुडाली, आणि तिच्यासोबत वाड्याचा वारस व त्या वारसाचा मुलगा असे दोघेही गेले. वाड्याच्या मालकाला तीन मुली आहेत. तिघी लग्नाच्या वयाच्या, थोरली तर सगळा कारभार एकटीनं हाकील अशी. पण त्यांतल्या एकीलाही हा वाडा मिळणार नाही.

‘डाउनटन अॅबी’ ही मालिका इथून सुरू होते. २०१० ते २०१५ अशी सहा पर्वं ती चालली. वाडा आणि घराणं कल्पित, चित्रीकरण मात्र हॅम्पशरमधल्या हायक्लेअर कॅसल या खऱ्या वाड्यात झालं. ही मालिका जगभर पाहिली गेली. रात्रीची जेवणं आटोपली की धरमपेठेत किंवा मनीषनगरात आपल्या फ्लॅटमध्ये बसून ती पाहणारी माणसं मला ठाऊक आहेत. ज्यांच्या राज्याखाली आपण दीडशे-दोनशे वर्षं भरडले गेलो, त्यांच्यातल्या एका लॉर्डाला वारस मिळतो की नाही याचा घोर आपल्याला का लागावा?

सुंदर कपडे, चांदीची भांडी आणि मैलभर पसरलेली हिरवळ हे एक उत्तर आहेच. डोळ्यांना सुख मिळतं. पण तेवढ्या सुखासाठी कुणी बावन्न भाग पाहत बसत नाही. मला वाटतं, या मालिकांमधल्या श्रीमंतीपेक्षा त्यांतल्या पायऱ्या आपल्याला धरून ठेवतात. कोण कुठल्या पायरीवर उभा आहे, तो वरच्यापुढे किती वाकतो, खालच्याला किती दाबतो, आणि कुणी आपली पायरी सोडून वर निघाला की सगळं घर कसं ढवळून निघतं, हे त्या बारकाईनं दाखवतात. आणि पायऱ्यांच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायला नको.

वारस नाही म्हणजे काय

आधी तिथला वारसाहक्क समजून घेऊ, कारण अशा मालिकांचं अर्धं कथानक त्यावर उभं असतं. इंग्रज जमीनदार घराण्यांत वाडा आणि सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जायची. धाकट्यांनी सैन्य, चर्च, वकिली किंवा वसाहतींतली नोकरी अशी आपापली वाट शोधायची. मुलींना हुंडा मिळायचा. शिवाय कित्येक घराण्यांनी दस्तऐवज करून जमीन अशी बांधून ठेवली होती की हयात मालकाला ती मनाला येईल तशी विकता येत नसे. नावाला मालक, प्रत्यक्षात पुढच्या वारसासाठी सांभाळणारा. मुलगा नसेल तर पुतण्या, पुतण्या नसेल तर दूरचा चुलतभाऊ. ज्याला आयुष्यात कधी पाहिलं नाही तो माणूस उद्या येऊन घराचा धनी व्हायचा.

हे सगळं कशासाठी? जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून. आपल्याकडे मिताक्षरा या जुन्या हिंदू वारसापद्धतीत मुलाला जन्मतःच वाटा मिळतो, त्यामुळे शंभर एकरांचा मळा चार पिढ्यांत पाच-पाच एकरांवर येतो. तिकडे मळा अखंड राहिला, पण त्याची किंमत एक सोडून बाकी सगळ्या भावंडांनी मोजली. मुली तर दोन्हीकडे बाहेरच होत्या. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या कायदादुरुस्तीनं मिळाला. म्हणजे वाडा मिळणार नाही म्हणून डाउनटनमधल्या थोरल्या मुलीला येणारा संताप पाहताना आपण फार जुनं काही पाहत नसतो.

आणि वारस नाही म्हणून सगळं हातचं गेलं, ही गोष्ट नागपूरला कुणा इंग्रज मालिकेनं सांगायची गरज नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजीराजे भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता आणि हयातीत त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. राण्यांनी मागाहून दत्तक घेतला, तो लॉर्ड डलहौसीनं मानला नाही. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य कंपनीच्या नकाशात गेलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झालं. महाल भागातल्या भोसलेवाड्यावरून आजही जाता-येता जुनी माणसं ही गोष्ट काल घडल्यासारखी सांगतात. पहिल्या रघुजीराजांची तलवार २०२५ मध्ये राज्य सरकारनं लंडनच्या लिलावात विकत घेऊन परत आणली, तेव्हा शहराला झालेला आनंद नुसत्या तलवारीचा नव्हता.

गंमत अशी की ज्या समाजात वारसाच्या एका कलमापायी घरातली पोरगी बेघर होते, त्याच समाजातून आलेल्या माणसानं वारसाच्या एका कलमावर बोट ठेवून आपलं राज्य घेतलं. माणसापेक्षा कलम मोठं, ही शिकवण त्यांनी आधी स्वतःच्या घरात गिरवली होती.

नवा माणूस हवाच

वर्गाचे नियम कुठे लिहिलेले नसतात. ज्याला ते माहीत असतात तो ते बोलून दाखवत नाही, आणि ज्याला माहीत नसतात तो नेमका त्यांवरच अडखळतो. मग प्रेक्षकाला ते कळणार कसे? मालिका लिहिणारे त्यासाठी घरात एक नवखा माणूस आणतात. डाउनटनमध्ये तो मँचेस्टरचा वकील आहे, दूरचा चुलतभाऊ. तो शनिवार-रविवारच्या सुट्टीची गोष्ट काढतो तेव्हा घरातल्या म्हातारीला हे काय प्रकरण आहे तेच समजत नाही, कारण तिच्या जगात कुणी पोटासाठी काम करत नाही. एका क्षणात दोन वर्गांमधली दरी दिसते, भाषण द्यावं लागत नाही.

कुठे हा नवखा माणूस नवी मोलकरीण असतो, कुठे नवश्रीमंत शेजारी. १८८० च्या दशकातल्या न्यूयॉर्कवर बेतलेल्या ‘द गिल्डेड एज’ मध्ये जुन्या घराण्यांनी ऑपेराच्या राखीव जागा अडवून धरलेल्या असतात आणि रेल्वेत पैसा कमावलेल्यांना त्या काही केल्या मिळत नाहीत. हे खरंच घडलं होतं. नव्या पैसेवाल्यांनी शेवटी १८८३ मध्ये स्वतःचं ऑपेरागृह उभारलं, तेच मेट्रोपॉलिटन ऑपेरा.

मराठीत हे काम नवी सून करते. ‘उंच माझा झोका’ ही रमाबाई रानड्यांवरची मालिका २०१२-१३ मध्ये घराघरांत पाहिली गेली. लहानगी रमा रानड्यांच्या घरात येते आणि कुणाशी बोलायचं, कुठे बसायचं, अक्षर गिरवल्याबद्दल कुणाचे टोमणे सोसायचे हे तिच्यासोबत आपणही शिकतो. सासरच्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी चाचपडलेली प्रत्येक बाई त्या पोरीच्या बाजूनं उभी राहते. कुणाच्या बाजूनं व्हायचं हे ठरवायला तिला शतकाचं अंतर आड येत नाही.

खालचा मजला

मला स्वतःला या मालिकांमधले दिवाणखान्यातले प्रसंग पुढे-पुढे कमी आठवतात. तळघरातलं नोकरांचं जेवणाचं टेबल लक्षात राहतं. या टेबलावर ज्याची-त्याची जागा ठरलेली. टोकाला बटलर, म्हणजे पुरुष नोकरांचा प्रमुख. तो आत आला की बाकीचे उठून उभे राहतात. दुसऱ्या टोकाला हाउसकीपर, बायकांची प्रमुख. तिचं लग्न झालेलं नसलं तरी मानानं तिला मिसेसच म्हणायचं. मग मालकाचा खास नोकर आणि मालकिणीची खास दासी. मग पंगतीत वाढणारे फूटमन, त्यांच्यातही पहिला आणि दुसरा. मग खोल्या झाडणाऱ्या मुली, मग स्वयंपाकघरातल्या मुली, आणि सगळ्यांत खाली पहाटे उठून शेगड्या पेटवणारी, भांडी घासणारी पोर.

फूटमन उंचापुरा आणि देखणा हवा असे, जोडीतले दोघे एका उंचीचे असले तर उत्तम. कारण तो कामापेक्षा मिरवण्यासाठी ठेवलेला असायचा. इंग्लंडमध्ये १७७७ पासून १९३७ पर्यंत घरगुती पुरुष नोकरांवर कर होता. त्यामुळे दारात उभा असलेला गणवेशातला गडी म्हणजे ‘आम्हाला हा कर परवडतो’ असा जाहीर फलकच. काही घरांत त्याचं खरं नाव बाजूला ठेवून त्याला जॉन किंवा जेम्स असं ठरलेलं नाव देत. सासरी येऊन नाव बदललेल्या आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं.

आता एक गोष्ट नीट पाहा. डाउनटनमध्ये रीतिरिवाजाचा सर्वांत कडवा पहारेकरी मालक नाही, बटलर आहे. मालक एखाद वेळी नियम सैल सोडेल, बटलर सोडणार नाही. का? कारण मालकाची पायरी जन्मानं मिळालेली आहे, ती कुठे जात नाही. बटलरनं आपली पायरी वीस-पंचवीस वर्षं खपून मिळवली आहे. सगळी उतरंड मोडली तर मालकाचं मालकपण कदाचित टिकेल, पण बटलरपणाला काही अर्थ उरणार नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाच्या रचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते मला इथे आठवतं. एक वरचा आणि बाकी सगळे खालचे असते तर खालचे एक झाले असते. पण प्रत्येकाच्या वर कुणीतरी आणि प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असलं, की वरच्यावरचा राग खालच्यावर काढता येतो आणि सगळी उतरंड मोडावी असं फारसं कुणालाच वाटत नाही. दीक्षाभूमीच्या शहरात वाढलेल्या माणसाला हा विचार नवा नाही. पण त्याचं रोजचं, जेवणाच्या ताटाजवळचं रूप कसं असतं, हे त्या तळघरातल्या टेबलावर डोळ्यांना दिसतं. एवढ्यासाठी तरी या मालिका पाहाव्यात असं मी म्हणेन.

साम्य मात्र इथवरच. डाउनटनचा मोटारचालक धाकट्या मुलीशी लग्न करतो आणि कुरबुरी, रुसवेफुगवे होऊन का होईना, वरच्या टेबलावर जेवायला बसतो. नोकरी सोडून दुकानात, कचेरीत, कारखान्यात जायची वाट पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या हजारो मुलींनी धरली. वर्गाच्या भिंतीला निदान एक दरवाजा होता. जातीच्या भिंतीला तो नव्हता. १९३६ साली बाबासाहेबांनी लिहिलं होतं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. काम सोडलं तरी माणसाला चिकटलेली पायरी सुटत नाही. म्हणून तिकडचा साचा उचलून जसाच्या तसा आपल्या वाड्यावर बसवला तर गोष्ट खोटी पडते.

आपल्या ऐतिहासिक मालिकांत हेच बऱ्याचदा होतं. वाडा दिसतो, चौक दिसतो, तुळशीवृंदावन दिसतं, नथी आणि पैठण्या दिसतात. आडावरून पाणी कुणी भरायचं आणि कुणी आडाजवळ यायचंही नाही, हे क्वचितच दिसतं. संघर्ष असतो तो एकाच जातीच्या घराच्या चार भिंतींत. तो खराच असतो, रमाबाईंचा तर फारच खरा, पण तो पूर्ण घराचा हिशोब नसतो. फुले दांपत्यावरची ‘सावित्रीजोती’ आणि स्टार प्रवाहवरची बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका यांनी चौकटीबाहेर पाऊल टाकलं. दुसरी आमच्याकडे कित्येक घरांत सगळे एकत्र बसून पाहत. अशा मालिका पाच-पंचवीस हव्या होत्या, हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात याचं वाईट वाटतं.

काय लपतं

तळघरातले नोकर पडद्यावर दिसू लागले ते १९७१ ते १९७५ या काळात गाजलेल्या ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ पासून. कल्पना जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन अभिनेत्रींची. दोघींच्याही घरच्यांनी मोठ्या लोकांकडे नोकरी केलेली, आणि मुळात त्यांना मोलकरणींचीच गोष्ट सांगायची होती. वरचं कुटुंब नंतर आलं. एका घरात, एका सेटवर दोन्ही जगं मावतात ही सोय पुढच्या सगळ्यांनी उचलली.

पण ते मूळ टोक हळूहळू बोथट झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये बायकांसाठी सर्वांत मोठा रोजगार घरकामाचा होता, दहा लाखांहून जास्त बायका त्यात होत्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, मजले चढून कोळसा आणि गरम पाणी वाहायचं, सुट्टी जेमतेम. मालिकेत काम दिसतं, थकवा दिसत नाही. स्वयंपाकिणीची नजर अधू होते तेव्हा लॉर्डसाहेब खर्च करून तिला लंडनला शस्त्रक्रियेसाठी पाठवतात. प्रसंग छान आहे, पाहताना डोळे भरून येतात. पण मालक तसा नसता तर तिचं काय झालं असतं, हा प्रश्न मालिका पुढे नेत नाही. औषधपाणी मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून असणं हेच मुळात दुःख आहे. मालिका ते दुःख चांगुलपणानं झाकते.

आणि इथेच आपलं मन गुंतायचं एक न बोललेलं कारण आहे. ‘आमच्या मावशी घरच्यासारख्याच आहेत’ असं आपण म्हणतो, आणि त्याच स्वयंपाकघरात त्यांचा कप वेगळा ठेवलेला असतो. कुठल्याशा इमारतीत कामाच्या बायकांनी कोणती लिफ्ट वापरायची याची पाटी लागते. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांच्या मागे आउटहाउस होतं, नव्या फ्लॅटमध्ये ते नाही, पण त्याची जागा मनात आखलेली आहे. चांगला मालक आणि निष्ठावान नोकर यांची गोष्ट पाहिली की आपल्या घरातली ती मांडणीही बरी वाटू लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या परदेशी तळघरात बसून आपण आपलंच स्वयंपाकघर पाहत असतो, आणि अंतर असल्यामुळे ते बोचत नाही. मालिका वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. पण ते बोचलं पाहिजे.

बुडती बोट

या मालिकांचा काळ नेहमी एखादी व्यवस्था मोडायच्या बेताला आलेली असते तोच असतो. पात्रांना पुढचं माहीत नसतं, आपल्याला असतं. डाउनटनचं पहिलं पर्व ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पुकारल्याच्या बातमीवर थांबतं, आणि हिरवळीवर चहा घेणाऱ्या त्या तरुण पोरांकडे पाहून आपल्या पोटात गोळा येतो.

जमीनदारी अर्थात त्याआधीच खिळखिळी झाली होती. १८७० च्या दशकापासून अमेरिकेचा स्वस्त गहू रेल्वेनं आणि आगबोटीनं यायला लागला, धान्याचे भाव पडले, कुळांकडून येणारा खंड कमी झाला. १८९४ मध्ये मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा कर नव्यानं आणि कडक बसला. कित्येक घराण्यांनी श्रीमंत सून आणून वाडा वाचवला. १८९५ मध्ये मार्लबरोच्या ड्यूकनं अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट घराण्याची मुलगी केली. त्याच वर्षी हायक्लेअरच्या मालकाचं लग्न झालं आणि रॉथशिल्ड या सावकार घराण्याचा पैसा वाड्यात आला. याच मालकानं पुढे हॉवर्ड कार्टरच्या उत्खननाला पैसा पुरवला आणि १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली. महायुद्धानंतरच्या तीन-चार वर्षांत तर जमिनी धडाधड विकल्या गेल्या.

विदर्भातल्या माणसाला यात मालगुजारी दिसते. मध्य प्रांतात १८६० च्या दशकात इंग्रजांनी मालगुजारांना गावांची मालकी दिली. तोवर ते बहुतांशी सारावसुली करणारे होते, आता गावाचे धनी झाले. वाडा, दिवाणजी, बोलीवर राबणारे सालदार, सणाला दारात येणारे बलुतेदार असं एक पूर्ण जग उभं राहिलं. ते १९५० च्या कायद्यानं संपलं. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, कायदा इथेच झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालकी हक्क सरकारकडे गेले. भंडारा-गोंदियाकडे शेकडो तलावांना आजही मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी तलाव.

नागपुरात अशी घरं आहेत जिथे आजीला वाड्यावरचे झुंबर आठवतं, आणि अशीही, जिथे आजोबा त्याच वाड्यावर सालदार होते. आज दोन्हींची नातवंडं एकाच कचेरीत, शेजारच्या टेबलांवर बसत असतील. रात्री दोघंही तीच इंग्रज मालिका लावतात. एकाला ‘किती छान होतं’ असं वाटतं, दुसऱ्याला ‘बरं झालं संपलं’ असं. मालिका दोघांनाही पुरते, कारण तिच्यात दोन्ही मजले आहेत.

मला आपल्याकडची अशी एक मालिका पाहायची आहे. १९५० चं साल, भंडाऱ्याकडचं एक गाव, कोहळी समाजानं बांधलेला तलाव. वाड्यात मालगुजार, त्याची मॅट्रिक झालेली मुलगी, हिशोबाच्या वह्या दडवणारा दिवाणजी. मागच्या अंगणात पोत्यावर जेवणारा सालदार. तलावावर मासे धरणारे ढीवर. गावाबाहेरच्या वस्तीतला एक पोरगा, नागपूरला शिकायला गेलेला आणि तिथून वर्तमानपत्र घेऊन येणारा. पहिल्या भागात कायद्याची कुणकुण लागते, आणि दिवाणजी मालकाच्या आधी घाबरतो.